सराव करताना दोन लढाऊ विमानं एकमेकांवर आदळतात तरी कशी?

एका आईचा प्रश्न आहे. मुलगा हवाई दलात आहे आणि काही महिन्यांत बिदरला हॉक या प्रशिक्षण विमानावर जाणार आहे. 28 जानेवारी 2023 ला ग्वाल्हेरहून सरावासाठी उडालेली सुखोई-30 आणि मिराज 2000 ही दोन विमानं मुरैन्याच्या बाजूला कोसळली. मिराजचा वैमानिक गेला, सुखोईतले दोघे वाचले. ती बातमी वाचल्यापासून एक शंका त्यांच्या मनातून जात नाही. आकाश एवढं मोठं, विमानात रडार, जमिनीवर नियंत्रक, आणि दोन्ही वैमानिकांना एकमेकांची पूर्ण माहिती. मग टक्कर होतेच कशी? आणि मुलाचा फोन आला की त्याला नेमकं काय विचारायचं?

मी वीसेक वर्षं लढाऊ विमानं उडवली. त्यातली शेवटची काही वर्षं प्रशिक्षक म्हणून आणि उड्डाण सुरक्षेच्या कामात गेली. मुरैन्याच्या अपघातात काय चुकलं यावर मी काही बोलणार नाही, कारण बाहेर बसून गेलेल्या माणसावर तर्क लढवणं मला पटत नाही. पण सरावात टक्कर कशी होते, हे मी जवळून पाहिलं आहे आणि एकदा तिच्या अगदी तोंडाशी जाऊनही आलो आहे.

तुमच्या प्रश्नातली 'दोघांना एकमेकांची माहिती असते' ही ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. लोकांना वाटतं की टक्कर म्हणजे दोन अनोळखी विमानं अचानक समोरासमोर येणं. तसंही होतं, त्याबद्दल पुढे सांगतो. पण सरावातल्या बऱ्याच टकरा उड्डाणाआधीच्या एकाच ब्रीफिंगला वैमानिक शेजारी बसलेल्या, एकाच फॉर्मेशनमध्ये, म्हणजे ठरलेल्या रचनेत, उडालेल्या विमानांच्या होतात. तो तिथे आहे हे ठाऊक असतं. फक्त त्या दोन-चार सेकंदांत तो नेमका कुठे आहे, ते ठाऊक नसतं. आणि सगळ्यात घातक म्हणजे 'मला तो दिसत नसला तरी त्याला मी दिसत असेन' असं दोघंही धरून चालतात.

आता थोडा हिशेब मांडतो, कारण त्याशिवाय हे पटत नाही. दोन विमानं प्रत्येकी 450 नॉट्स (ताशी साधारण 830 किलोमीटर) वेगाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला 460 मीटरहून जास्त वेगाने घटतं. अमेरिकेच्या नागरी विमान वाहतूक प्रशासनाच्या एका जुन्या सल्लापत्रकात डोळ्यांपासून हातापर्यंतचा सगळा वेळ मोजलेला आहे. काहीतरी दिसणं, ते विमान आहे हे ओळखणं, आपण धडकणार हे उमजणं, काय करायचं ते ठरवणं, हात हलणं आणि विमानाने त्याला दाद देणं, हे सगळं मिळून 12.5 सेकंद. सरावलेला फायटर पायलट याहून चपळ असतो, पण आपण हाच आकडा धरू. 12.5 सेकंद हाताशी हवे असतील तर समोरचं विमान साधारण 5.8 किलोमीटरवर असतानाच दिसायला हवं. मिराजच्या पंखांचा पसारा जेमतेम 9 मीटर. समोरून पाहिलं तर पंख म्हणजे एक बारीक रेघ, आणि धड एखाद-दोन मीटर जाडीचं. पावणेसहा किलोमीटरवरून ते निरोगी डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल एवढा ठिपका असतं. त्यात निळं, रिकामं आकाश. नजर ठरायला काहीच नसलं की डोळा आपोआप जवळच, मीटर-दोन मीटरवर फोकस करून बसतो. दूरचा ठिपका मग आणखी पुसट होतो. वैमानिकाला हे जाणवतही नाही, त्याला वाटतं आपण दूरच पाहतोय.

याहून फसवी गोष्ट म्हणजे स्थिर ठिपका. आपली नजर हालचाल पटकन टिपते. कोपऱ्यातून काही सरकलं की मान आपोआप वळते. पण जे विमान सरळ आपल्यावर येऊन आदळणार आहे, ते कॅनोपीवर, म्हणजे कॉकपिटवरच्या काचेच्या छतावर, सरकतच नाही. दोघांचा वेग आणि दिशा कायम असेल, तर ते काचेवर एकाच जागी चिकटल्यासारखं राहतं. बराच वेळ काचेवरच्या डागासारखं दिसतं आणि शेवटच्या दोन-तीन सेकंदांत एकदम फुगतं. जे विमान काचेवरून सरकत जातं, ते आपल्याला लागत नाही. म्हणून कॅडेट्सना मी पहिल्या दिवशी सांगायचो, 'काचेवरचा जो डाग हलत नाही, त्याचा आधी निकाल लावा. डोकं हलवून बघा, खात्री करून घ्या.'

गंमतीने नाही, गांभीर्याने सांगतो की हीच भूमिती आम्ही रोज मुद्दाम वापरतो. फॉर्मेशनचा म्होरक्या, म्हणजे लीडर, वळणात असतो आणि त्याचा जोडीदार, म्हणजे विंगमन, लांबून येऊन त्याला 'जॉइन' होतो, तेव्हा तो लीडरला काचेवर एका ठरावीक जागी धरून ठेवतो. म्हणजे टकरीचा मार्ग जाणूनबुजून पकडायचा आणि शेवटच्या टप्प्यात वेग कमी करून तो मोडायचा. वेग जास्त राहिला, तर लीडरच्या खालून आणि मागून वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकून जायचं, आणि हे करताना लीडरवरून नजर हटू द्यायची नाही. नवशिका इथेच चुकतो. वेग जास्त झाला हे उशिरा कळतं, घाबरून तो लीडरपासून दूर वळण्यासाठी विमान कलंडवतो, आणि त्याचं स्वतःचंच पोट त्याच्या आणि लीडरच्या मध्ये येतं. लीडर दिसेनासा होतो. आपण दूर चाललोय असं त्याला वाटतं, पण आधीचा वेग त्याला अजून लीडरकडेच नेत असतो.

फॉर्मेशन एरोबॅटिक्सची, म्हणजे एकत्र केलेल्या हवाई कसरतींची, गोष्ट याहून नाजूक. तिथे पंखांमधलं अंतर मीटरांत मोजायचं असतं. 19 फेब्रुवारी 2019 ला बेंगळुरूजवळ येलहंकाला, एरो इंडिया या विमान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, आपल्या हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाची दोन हॉक विमानं सराव करताना एकमेकांवर आदळली. तीन वैमानिकांपैकी एक गेला. 25 मार्च 2025 ला फ्रान्समध्ये सेंट-दिझिएजवळ तिथल्या प्रदर्शन पथकाची दोन अल्फा जेट धडकली, त्यात तिघेही इजेक्ट होऊन, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर फेकले जाऊन, वाचले. निवडून घेतलेल्या, वर्षानुवर्षं तेच करणाऱ्या माणसांच्या बाबतीत हे घडतं. म्हणून अशी बातमी आली की 'नवखा असेल' असं कुणी म्हटलेलं मला सहन होत नाही.

हवाई द्वंद्वाच्या सरावात तर नजर हेच खरं हत्यार असतं आणि तिथेच तिची सगळ्यात जास्त परीक्षा होते. 6 जीच्या, म्हणजे शरीराचं वजन सहापट भासवणाऱ्या, वळणात डोकं आणि हेल्मेट मिळून साधारण 40 किलोचं ओझं मानेवर येतं. तशा स्थितीत मान मागे वळवून, खांद्यावरून, दोन शेपट्यांच्या मधून प्रतिस्पर्ध्याला बघत राहायचं. पोट आणि मांड्या आवळून, दम कोंडून, ठोक्याठोक्याने श्वास घ्यायचा. घाम डोळ्यात उतरतो, हेल्मेट सरकतं. आणि त्याच वेळी इंधन, उंची, वेग, रेडिओ, आणि आपला स्वतःचा जोडीदार, ज्याच्याशी आपली लढाई नसते आणि म्हणूनच ज्याचा सगळ्यात आधी विसर पडतो.

माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं. स्क्वॉड्रनमध्ये जेमतेम वर्ष झालं असेल. आम्ही दोघे एका विमानाविरुद्ध, असा सराव होता. लीडर लढत होता, मी बाहेरच्या बाजूला उंचावर राहून संधी बघत होतो. प्रतिस्पर्धी माझ्याकडे वळला तशी माझी नजर त्याच्यावर खिळली. लीडर खाली डावीकडे होता, पुढच्या वळणात उजवीकडून वर येईल असा माझा अंदाज होता. तो आला नाही. मी शोधलं, नाही दिसला. रेडिओचं बटण अंगठ्याखालीच होतं. दाबलं नाही, कारण 'एका सेकंदात सापडेल' असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर लीडर हरवला हे सगळ्यांच्या कानावर जाईल याची लाज वाटली. मग माझ्या नाकाखालून एक सावली वर आली. लीडरच्या विमानाचं पोट. चाकांच्या दारांच्या फटी, तेलाचा मागे ओढल्यासारखा पट्टा, एक पॅनल बाकीच्यांपेक्षा जरा नव्या रंगाचं. हे सगळं मला आजही दिसतं. मी स्टिक पुढे ढकलली की ओढली हे तेव्हा कळलंही नाही. त्याच्या इंजिनाच्या झोताने माझं विमान थडथडलं आणि तो निघून गेला. त्याने मला पाहिलंच नव्हतं.

उतरल्यावरच्या चर्चेत, म्हणजे डीब्रीफमध्ये, लीडरनी आवाज चढवला नाही. इतकंच विचारलं, "तुला मी कधीपासून दिसत नव्हतो?" मी म्हटलं, "दोन-एक सेकंद, सर." त्यांनी उड्डाणाची टेप लावली आणि घड्याळ धरलं. सात सेकंद होते. मग म्हणाले, "सांगितलं असतंस तर मी वळण सोडून खाली निघून गेलो असतो. मला वाटत होतं तू मला बघतोयस." त्या रात्री मला झोप लागली नाही. टक्कर हुकली म्हणून नाही. माझे दोन सेकंद हे खरे सात सेकंद होते, म्हणून.

अनेक हवाई दलांत यासाठी ठरलेला शब्द आहे, 'ब्लाइंड'. आपल्या बाजूचं विमान मला दिसत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शत्रू दिसत नसेल तर वेगळा शब्द, कारण त्या दोन गोष्टींत मोठा फरक आहे. 'ब्लाइंड' ऐकू आलं की दुसऱ्याने ताबडतोब उत्तर द्यायचं. तो दिसत असेल तर 'व्हिज्युअल' म्हणायचं आणि अंतर राखण्याची जबाबदारी स्वतःकडे घ्यायची. दोघांनाही दिसत नसेल तर लढाई तिथेच थांबवायची, प्रत्येकाने आपापल्या ठरलेल्या उंचीवर जायचं आणि मगच शोधायला लागायचं. हा शब्द उच्चारायला अर्धा सेकंद लागतो. माझं ठाम मत आहे की विमानात बसवलेल्या कोणत्याही यंत्रापेक्षा या अर्ध्या सेकंदाने जास्त वैमानिक वाचवले आहेत. अडचण एवढीच की तो उच्चारण्यासाठी आपल्याला दिसत नाही हे आधी स्वतःशी कबूल करावं लागतं, आणि तरुण वयात तेच सगळ्यात अवघड जातं.

नजर सुटली तरी वळत राहणं किती महागात पडतं, याचं एक उदाहरण चौकशी होऊन जगासमोर आलेलं आहे. 23 जून 2014 ला जर्मनीत ओल्सबर्गजवळ लिअरजेट हे एक छोटं बिझनेस जेट 'लक्ष्य' बनून उडत होतं आणि दोन युरोफायटर लढाऊ विमानं त्याला अडवण्याचा सराव करत होती. लिअरजेटने वळण घेतलं. वळणाच्या आतल्या बाजूला असलेला युरोफायटर लिअरजेटमधल्यांना दिसेनासा झाला, तरी वळण तसंच, विमान जास्त कलंडवून चालू राहिलं. टक्कर झाली. लिअरजेटमधले दोघे गेले. मोडलेल्या युरोफायटरचा वैमानिक कसाबसा विमान उतरवू शकला. रडार, नियंत्रक, उजेड, सगळं काही तिथे होतं.

असं होऊ नये म्हणून नियम आहेत, आणि ते बहुतेक देशांत थोड्याफार फरकाने सारखे आहेत. प्रत्येक विमानाभोवती साधारण 500 फुटांचा एक अदृश्य फुगा मानायचा, त्यात कुणी शिरायचं नाही. वर काढलेल्या हिशेबाने समोरासमोर येताना हे 500 फूट सेकंदाच्या एक तृतीयांशात संपतात. म्हणजे तो फुगा गाठल्यावर वळायचं नसतं, त्याच्या खूप आधी वळलेलं असावं लागतं. समोरासमोर जाताना कोण कोणत्या बाजूने जाणार हे आधी ठरलेलं असतं. कोण कोणत्या बाजूला सरकतोय हे स्पष्ट असेल तर तसंच राहायचं, नसेल तर दोघांनी उजवीकडे सरकून एकमेकांना डावीकडे टाकायचं. एकाचं नाक वर असेल तर तो वरून जातो. सूर्याच्या बाजूला असलेल्या विमानाने अंतराची जबाबदारी घ्यायची, कारण समोरच्याचे डोळे दिपलेले असतात. जमिनीपासून एक किमान उंची ठरलेली असते, तिच्याखाली लढायचं नाही. आणि कोणीही, अगदी कालच दाखल झालेल्या पोरानेही, 'नॉक इट ऑफ', म्हणजे 'सराव थांबवा', म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. का म्हटलं ते जमिनीवर आल्यावर विचारायचं.

हे नियम रक्ताने लिहिले गेले असं म्हणतात. मला ते वाक्य नुसतं ऐकायला आवडत नाही, पण ब्रीफिंगमध्ये कुणी हे नियम घाईघाईने वाचून टाकायला लागला की मी त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावायचो.

प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा असते, मग यांच्यात का नाही, असं तुम्ही विचाराल. ती यंत्रणा दोन विमानांच्या ट्रान्सपाँडरच्या, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची आपोआप कळवणाऱ्या यंत्रांच्या, बोलण्यावर चालते आणि 'अमुक सेकंदांत भेट होणार' असा हिशेब करून वर जा किंवा खाली जा असं सांगते. लढाऊ विमानांचं काम म्हणजे मुद्दाम जवळ जाणं, दर दोन सेकंदाला दिशा बदलणं. फॉर्मेशनमध्ये तर बहुधा फक्त लीडरचाच ट्रान्सपाँडर चालू असतो, नियंत्रकाला सगळी मिळून एकच विमान दिसतं. अशा ठिकाणी ते यंत्र सतत किंचाळत राहील आणि वैमानिक ते ऐकणंच सोडून देईल. जमिनीवर आदळण्यापासून वाचवणारी स्वयंचलित यंत्रणा मात्र एफ-16 मध्ये 2014 पासून आहे आणि तिने माणसं वाचवली आहेत. हवेतल्या टकरीसाठी तसंच काही करणं फार अवघड, कारण जमीन वळत नाही, विमान वळतं.

पण यंत्राची गरजच नाही असं मी अजिबात म्हणत नाही. 3 जुलै 2012 ला स्कॉटलंडमध्ये मोरे फर्थवर ब्रिटनच्या हवाई दलाची दोन टॉर्नेडो धडकली, तिघे गेले. दोन्ही एकाच तळावरची, पण एकाच फॉर्मेशनमधली नव्हती, आणि हवा खराब होती. टॉर्नेडोत टक्कर-इशारा यंत्रणा बसवण्याची चर्चा तोवर वर्षानुवर्षं चालली होती. विमानं आपापल्या कामाला जात असताना असं यंत्र खरंच उपयोगी पडलं असतं. तेवढ्या वर्षांच्या टाळाटाळीचं मला आजही वाईट वाटतं.

आणि दुसरं टोक म्हणजे 30 जुलै 1971, जपानमध्ये शिझुकुइशी. एक विद्यार्थी एफ-86 या लढाऊ विमानात आपल्या प्रशिक्षकाच्या मागोमाग उडत होता. सराव करता करता ते प्रवासी विमानांच्या मार्गात शिरले आणि विद्यार्थ्याचं विमान बोइंग 727 ला धडकलं. प्रवासी विमानातले सगळे 162 जण गेले, विद्यार्थी इजेक्ट होऊन वाचला. त्या मुलाची नजर प्रशिक्षकावर होती, जिथे ती असावी म्हणून त्याला शिकवलं गेलं होतं. म्हणून सरावाची जागा आणि प्रवासी मार्ग यांच्यातली रेघ विद्यार्थ्याने नाही, प्रशिक्षकाने आणि जमिनीवरच्या माणसांनी सांभाळायची असते. विद्यार्थ्यावर ते ओझं टाकणं अन्याय आहे.

एक वाचतो आणि एक जातो, हे कशाने ठरतं असंही तुम्ही लिहिलं होतं. धडक कुठे बसली त्याने. आजच्या इजेक्शन सीट जमिनीवर उभ्या विमानातूनही माणसाला वाचवू शकतात, पण हँडल ओढायला हात मोकळा, शुद्ध शाबूत आणि कॉकपिट अखंड लागतं. धडक शेपटीला किंवा पंखाला बसली तर बहुधा काही सेकंद मिळतात. समोरून कॉकपिटलाच बसली तर मिळत नाहीत. विमान गिरक्या घेत असेल तर जीमुळे हात मांडीवरून उचलत नाही. बाहेर पडलेल्याच्याही मणक्याला बऱ्याचदा इजा होते, आणि तो पुन्हा उडेल की नाही हे महिन्यांनी ठरतं.

क्वचित विमानही परत येतं. 1 मे 1983 ला इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटावर सरावात एक एफ-15 आणि एक स्कायहॉक धडकले. स्कायहॉकचा वैमानिक इजेक्ट झाला. एफ-15 चा उजवा पंख जवळजवळ मुळापासून गेला होता, पण बाहेर उडणाऱ्या इंधनाच्या फवाऱ्यामुळे वैमानिक झिवी नेदिवी यांना ते दिसलंच नाही. विमान गिरकी घ्यायला लागलं, त्यांनी आफ्टरबर्नर लावून, म्हणजे इंजिनाला जादा जोर देऊन, वेग वाढवला आणि ते सावरलं. नेहमीच्या जवळपास दुप्पट वेगाने ते धावपट्टीवर टेकले, विमान थांबवण्यासाठी तारेत अडकवायचा हुक तुटून गेला, तरी विमान थांबलं. आपल्याला एक पंख नाही हे उतरल्यावर कळलं. धड आणि इंजिनांच्या ताकदीवर ते विमान तरंगत होतं. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना सांगायचो खरी, पण सोबत हेही सांगायचो की तुमच्या हाताखाली ते विमान नसेल आणि तो दिवसही नसेल. ताबा सुटला तर हँडल ओढा.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. त्याला 'सांभाळून उड' असं सांगू नका. तो हो म्हणेल आणि विषय संपेल. आज कोणती सॉर्टी, म्हणजे कसलं उड्डाण, होती ते विचारा. डीब्रीफला किती वेळ लागला ते विचारा. पाऊण तासाच्या उड्डाणाचा डीब्रीफ दीड-दोन तास चालत असेल, टेप थांबवून थांबवून सेकंद मोजत असतील, तर तो चांगल्या हातांत आहे. आणि मध्येच कधी तो म्हणाला की आज मी लीडरला हरवलं आणि रेडिओवर सांगितलं, सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली, तर त्याला आपण खूश झालो आहोत हे नक्की कळवा. घरून ते ऐकलेलं मुलांच्या लक्षात राहतं. माझ्या त्या सात सेकंदांबद्दल मी घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.